बाराची गोटी

मे महिन्यात विष्णुपुरीतल्या पोर्चवर गाडीचा काही हक्क नसतो. तिथं कुरडया नांदतात. तीन दिवस भिजवलेले गहू, त्यांचा चीक, पहाटे चारला पेटलेली शेगडी, सोऱ्याची कुरकुर, आणि ऊन वर यायच्या आत जुन्या साडीवर ओळीनं पडलेल्या पांढऱ्या गोल गोल कुरडया. गाडी महिनाभर बाहेर कडुनिंबाखाली उभी असते आणि पाखरं तिच्यावर आपला अभिप्राय नोंदवत असतात. त्यामुळं चहा पिता पिता मी जेव्हा म्हणालो, "रविवारी पोर्च मला लागेल," तेव्हा स्वयंपाकघरात उलथनं थांबलं.

"कशाला?"

"गाडीच्या एसीचा कंप्रेसर काढायचाय."

"कुणी?"

एका शब्दाचा प्रश्न. पण त्यात सव्वीस वर्षांच्या संसाराचा ताळेबंद होता. मी उघडलेला मिक्सर, जो अजून पिशवीत घालून माळ्यावर आहे. मी दुरुस्त केलेला कूलरचा पंप, जो त्या उन्हाळ्यात पाणी वर चढवायच्या ऐवजी बेडरूममध्ये सोडत होता. मी ताणून बसवलेलं दार, जे आता दोन माणसं लागल्याशिवाय बंद होत नाही. मी काही बोललो नाही. मराठी शिकवणाऱ्या माणसाला मौनाचं महत्त्व कळतं.

गाडीचा पूर्वेतिहास सांगायला हवा. तिला सतरा वर्षं झाली. कंपनीचं नाव सांगत नाही. सतरा वर्षांनंतर दोष कंपनीचा नसतो, वयाचा असतो. गेली तीन वर्षं आम्ही गुढीपाडव्याला दोन गोष्टी भरत होतो, डब्यात श्रीखंड आणि एसीत गॅस. श्रीखंड दोन दिवस पुरायचं, गॅस अक्षय्य तृतीयेपर्यंत. ज्या तिथीच्या नावातच क्षय नाही, नेमकी त्याच तिथीला आमची थंड हवा क्षय पावायची. चौथ्या वर्षी देगलूर नाक्याकडच्या उस्तादांनी भरणाऱ्या यंत्राचे दोन्ही पाइप लावले, घड्याळांकडं पाहिलं. दोन्ही काटे शून्यावर. मग त्यांनी जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली आणि बॉनेटच्या आत खाली मारली. कंप्रेसरच्या तोंडाशी, पुलीच्या मागं, पोपटी रंगाचा ओघळ चमकला. मागच्या वर्षी गॅसबरोबर घातलेला रंग तिथून तेलासकट बाहेर आला होता.

"मुंडी से जारा साब," उस्ताद म्हणाले. "सील गया. कंप्रेसर निकालना पडता."

"किती?"

त्यांनी सीलचे सांगितले, तेलाचे सांगितले, गॅसचे सांगितले. वर "निकालने-बिठाने का आठ सौ." मी घासाघीस करणार तेवढ्यात ते हसून म्हणाले, "तुमीच निकाल के लाओ बोले तो वो आठ सौ तुमारे."

ते चेष्टेनं म्हणाले होते. मराठवाड्यातल्या माणसाला आठशे रुपये वाचवायची चेष्टा कळत नाही.

आता एक गोष्ट गांभीर्यानं सांगतो, पुढं विसरेन. माझ्या गाडीत गॅस उरलाच नव्हता आणि ते उस्तादांनी काटा लावून पाहिलेलं होतं, म्हणूनच मी हात घातला. गॅस भरलेला असेल तर हे काम घरी करायचं नाही, मग तुम्ही कितीही मोठे सर असा. तो गॅस, आर-१३४ए त्याचं नाव, मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. चाळीस अंशांच्या सावलीत गाडी नुसती बंद उभी असली तरी पाइपात तो टायरच्या हवेच्या चौपट दाबानं दबा धरून असतो. बोल्ट सैल केला की फुस्स करून हातावर आला तर कातडी गोठते आणि डोळ्यात गेला तर समोरचं वैद्यकीय महाविद्यालय आहेच. शिवाय तो हवेत सोडणं म्हणजे पापच. वजनाला वजन धरलं तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट भारी. नीट दुकानात तो यंत्रानं ओढून टाकीत भरून घेतात. आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी "निकाल दो" म्हणतात आणि शेजारचं कुत्रं दचकून उठतं. माझ्या गाडीनं हे पाप तीन वर्षांत हप्त्याहप्त्यानं करून ठेवलं होतं, तेव्हा मला करायला काही शिल्लक नव्हतं.

रविवारी पहाटे साडेपाचला गाडी पोर्चमध्ये आली. म्हणजे अर्धी आली. तडजोड अशी झाली होती की पुढची चाकं माझी आणि मागची जागा कुरडयांची. गाडीच्या टपावरही एक साडी अंथरली गेली, कारण "तुमची गाडी नुसती उभीच राहणार ना?" मी बॅटरीची काळी तार सोडली, जॅक लावला, जॅकवर विश्वास नको म्हणून खाली दोन विटा आणि एक जुना टायर सरकवला, पोतं अंथरलं आणि उताणा होऊन आत गेलो. वर पाहिलं. सतरा वर्षांत आपण ज्या गाडीचे मालक आहोत तिचं पोट मी पहिल्यांदाच बघत होतो. माणूस लाजला.

लातूरच्या साडूंचा फोन तेवढ्यात आला. महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, यावर आम्ही दोघं गेली पंधरा वर्षं बोलतोय, त्यामुळं कुठल्याही विषयात ते मला मागं टाकायला टपलेले असतात. त्यांनी आठवड्यापूर्वीच लातूर पॅटर्न लावून दिला होता: दहा व्हिडिओ बघायचे, नोट्स काढायच्या, पाठ करायच्या, मग परीक्षेला बसायचं. मी तसं केलंही होतं. दहाही व्हिडिओत गोरा माणूस, पांढरी फरशी, वर उचललेली गाडी आणि हातात न मळलेले मोजे. "चार बोल्ट काढा आणि कंप्रेसर बाहेर घ्या," असं दहाही जण म्हणत होते. दहापैकी एकानंही चौथा बोल्ट दाखवला नव्हता. तिसरा बोल्ट निघाला की चित्र तुटायचं आणि पुढच्या चित्रात कंप्रेसर टेबलावर. तेव्हाच शंका यायला हवी होती. आपल्या पौराणिक सिनेमांत देव अंतर्धान पावतात तेव्हाही असंच चित्र तुटतं.

विष्णुपुरीत एक सोय आहे आणि तीच अडचण आहे. इथं शहाण्यांची टंचाई नाही. गोदावरी, काळेश्वराचं देऊळ आणि शेतं एवढंच असलेल्या या गावाला १९८१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय मिळालं. १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्रामदिनाचा मुहूर्त धरून, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ आलं. पुढं शंकरराव चव्हाणांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालयही दवाखान्यासकट शहरातून इकडं आलं. त्यामुळं आमच्या गल्लीत दगड मारला तर तो सरांना लागतो, आणि चुकून हुकलाच तर डॉक्टरांना. सकाळी फिरायला निघालेल्या माणसांना दुसऱ्याच्या फाटकात थांबायला निमित्त लागतं. विटांवर चढवलेली गाडी आणि खालून बाहेर आलेले दोन पाय यापेक्षा चांगलं निमित्त मी आजवर पाहिलेलं नाही.

"काय करू लालात सर?" पहिले पाय आले. कॅनव्हासचे बूट, म्हणजे वर्कशॉपचे सर. सरांनी तीस-पस्तीस वर्षं पोरांना कानशी चालवायला शिकवलं. त्यांच्याकडं हत्यारांची निळी पत्र्याची पेटी आहे आणि प्रत्येक हत्यारावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका. कुणाचं हत्यार कुणाकडं गेलं हा वाद नको म्हणून. त्यांनी माझा पाना हातात घेतला, पाहिला आणि लहान मुलाच्या हातून काडेपेटी काढून घ्यावी तसा बाजूला ठेवला. "हा पाना नव्हे, हा आडकित्ता आहे. थांबा." दहा मिनिटांत निळी पेटी आली. रॅचेट, लांब दांडी आणि गोट्यांचा संच. गॅरेजात सॉकेटला गोटी म्हणतात. सॉकेट म्हणणाऱ्याला दुप्पट बिल लागतं. त्यातली बाराची गोटी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली, ठिपका वर करून. "संच पूर्ण आहे. एकोणनव्वद सालचा," एवढंच म्हणाले. सोनाराकडून घरी जाताना म्हणतात तसं.

दुसरे पाय चपलेतले. थर्मोचे सर. ते खाली वाकले नाहीत. ते कधीच वाकत नाहीत. ज्याला सिद्धांत माहीत आहे त्याला वाकायची गरज नसते. त्यांनी उभ्या उभ्या विचारलं, "कंप्रेसर काय करतो ते माहीत आहे का?"

"संपीडन," मी खालून म्हणालो. परिभाषेत त्याला संपीडक म्हणतात. एवढी एक गोष्ट मला त्या दहा गोऱ्या माणसांपेक्षा जास्त माहीत होती आणि तिचा बोल्ट काढायला काडीचा उपयोग नव्हता.

"चूक," सर म्हणाले. "तो उपसा करतो." आणि त्यांनी छत्रीची काठी धरणाच्या दिशेनं केली. नंतरची पाच मिनिटं मात्र मी गाडीखाली स्वस्थ पडून ऐकली, कारण एसी म्हणजे काय हे मला त्या पाच मिनिटांत कळलं.

आमचं धरण उंच नाही. नदीचं पात्र खाली आणि लोहा-कंधारकडचं शिवार वर. पाणी आपणहून वर चढत नाही, तेव्हा पंप लावून ते उचलायचं आणि वर कालव्यात सोडायचं, अशी ही योजना. आशियातल्या मोठ्या उपसा योजनांपैकी एक म्हणून आम्ही पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे बसची वेळ विचारतात. तर उष्णतेचंही तसंच. ती गरमाकडून गाराकडं आपणहून वाहते. उताराला पाणी वाहतं तशी. बाहेर त्रेचाळीस अंश आणि गाडीत पंचवीस हवेत, म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेरच्या चढावर नेऊन टाकायची आहे. गॅस हा कालवा. आत डॅशबोर्डमागच्या जाळीत तो कमी दाबात उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता तुमच्या अंगाची, सीटची, पोराच्या हातातल्या वडापावची घेतो. माठातलं पाणी पाझरून वाळताना माठ गार करतं, तोच धर्म. मग कंप्रेसर त्या गॅसला वातावरणाच्या सोळा-सतरा पट दाबात आणतो. तापतो तो, बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त. पुढच्या जाळीत गेला की आपली सगळी उष्णता त्या त्रेचाळीस अंशांच्या हवेला देऊन टाकतो आणि पुन्हा पातळ होतो.

"म्हणजे तुम्ही आत्ता," सर म्हणाले, "धरणावरचं पंपहाउस उचकटायला निघालात. बाराच्या गोटीनं."

ते पुढं इतिहासातही शिरले. एसीचा जन्म माणसासाठी झालाच नाही म्हणाले. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही, म्हणून विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं हवा कोरडी आणि गार करणारं यंत्र काढलं. माणसाआधी कागदाला गारवा मिळाला. आमच्या विद्यापीठांच्या परीक्षा विभागात आजही तोच क्रम आहे असं मी म्हणणार होतो, पण तोंडात गंजाची भुकटी पडली.

इथं मला वाचलेली एक गोष्ट आठवली आणि धीर आला. कारखान्यातूनच एसी बसवून मिळणारी पहिली गाडी अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९३९ मध्ये दाखवली. त्या एसीनं मागची अर्धी डिकी खाल्ली होती. आणि कंप्रेसरला आजच्यासारखा चुंबकाचा क्लच नव्हता. इंजिन फिरलं की तो फिरणारच. मग एसी बंद कसा करायचा? गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. थंडीचे दिवस आले की पट्टा घरात खुंटीला. म्हणजे सुटाबुटातले लक्षाधीश जे रस्त्याच्या कडेला करत होते तेच मी लुंगीवर करत होतो. या वंशावळीनं मला बरं वाटलं. जुन्या गाड्यांत जो गॅस असायचा त्याचा कर्ता थॉमस मिजली, त्याची गोष्ट मात्र अशा वेळी आठवू नये. पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्तीही त्याचीच. पुढं पोलिओ झाल्यावर अंथरुणातून उठायला त्यानं स्वतः दोऱ्या आणि पुल्यांचं यंत्र बनवलं आणि १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत अडकून गेला. त्याच्या गॅसनं ओझोनला भोक पाडलं, १९८७ चा माँट्रिअल करार झाला आणि तो गॅस हद्दपार झाला. पुली समोर असताना हे सगळं आठवलं, म्हणून लुंगी आवरून घेतली.

सात वाजेपर्यंत काम झरझर झालं, हे कबूल करायला हवं. ताण देणारा बोल्ट सैल केला, पट्टा निघाला. क्लचची वायर सुटली. दोन्ही पाइप एकेका बोल्टवर होते, ते हलवून हलवून काढले. आतून सुस्कारासुद्धा आला नाही, नुसती दोन थेंब हिरवट तेल. पहिला बोल्ट, दुसरा बोल्ट, तिसरा बोल्ट. प्रत्येक बोल्ट मी वाटीत टाकत होतो आणि वाटीत टण् वाजलं की वर उभी असलेली समिती "हां" म्हणत होती. आतून चुरमुऱ्यांची सुशीला आली, शेंगदाणे घातलेली, वर कोथिंबीर. समितीनं ती उभ्यानं खाल्ली. समितीत आता भूगोलाचे सर, दूधवाला आणि रद्दी घेणारा असे तिघे वाढले होते. रद्दीवाल्यानं काही न विचारता गाडीकडं एकदा, माझ्या पायांकडं एकदा पाहिलं आणि गल्लीच्या तोंडाशी न जाता तिथंच सायकल लावली. अनुभवी माणूस.

मग चौथा बोल्ट.

तो दिसत नाही. कंप्रेसरच्या मागं, इंजिनाच्या बाजूला, वरच्या अंगाला तो आहे आणि त्याचं डोकं आपल्याकडं पाठ करून आहे. खालून डावा हात कोपरापर्यंत आत घालायचा, मनगट मुरडायचं, बोटांनी आंधळ्यासारखं चाचपडायचं आणि गोटी त्याच्या डोक्यावर बसवायची. ती बसली. मी रॅचेटला जोर दिला. काही नाही. डिझेलचे थेंब सोडले, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा जोर. काही नाही.

"उलटं फिरवू लालात का?" वरून शंका आली.

इथं घात झाला. रॅचेटला मागं छोटा खटका असतो. एकीकडं केला की खोलतो, दुसरीकडं केला की आवळतो. माझा खटका बरोबर होता. पण बोल्ट पाठमोरा आहे, हे समितीला कळलं आणि प्रश्न सैद्धांतिक झाला. थर्मोचे सर म्हणाले, निरीक्षक जर बोल्टच्या मागून पाहत असेल तर घड्याळाची दिशा उलटते. भूगोलाचे सर म्हणाले, दक्षिण गोलार्धात वारेही उलटेच फिरतात. वर्कशॉपचे सर म्हणाले, आट्याला गोलार्ध नसतो. मग उजव्या हाताचा नियम निघाला. चार माणसं पोर्चमध्ये अंगठे वर करून मुठी फिरवत उभी होती; रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी आमच्याकडं मतदानाचा प्रचार असल्यासारखं पाहिलं. साडू लातूरहून व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी तिथून अंगठा दाखवला. बहुमत झालं. मी खटका उलटा केला.

पुढची चाळीस मिनिटं आम्ही तो बोल्ट आवळला.

सगळ्या शक्तीनिशी आवळला. कूलरच्या स्टँडचा पाइप रॅचेटच्या दांडीवर घालून आवळला. वरवंटा आणून दांडीवर ठोकून आवळला. वरवंटा घेताना स्वयंपाकघरातून जो आवाज आला तो इथं लिहीत नाही. मध्ये एकदा बोल्ट किंचित सरकला तेव्हा "आला, आला!" अशी आरोळी झाली. तो आला नव्हता, आत गेला होता. सव्वाआठ झाले, ऊन पोर्चच्या पायरीवर आलं. घाम डोळ्यात उतरत होता. टपावरच्या कुरडया मात्र सुरेख वाळत होत्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी डॉक्टर पोरगी. प्रसूतिशास्त्राचं पुढचं शिक्षण घेते. रात्रपाळी करून आली होती, खांद्याला पिशवी, डोळे तांबारलेले. जिन्याच्या पायरीवर थांबून तिनं आमच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते तिनं रात्रभर दुसऱ्या कुणासाठी वापरले असावेत.

"काका, किती वेळ झाला?"

"पावणेतीन तास," ही म्हणाली. नवरा आडवा, बाकी पुरुष हात बांधून उभे आणि माहिती बायकोकडं. तिला परिस्थिती ओळखीची वाटली असणार.

"दिसत नाहीये का?"

"नाही."

"मग न बघता करायचं. आमचं निम्मं काम तसंच असतं." तिनं पिशवीतून मोजे काढले, चढवले, पोत्यावर गुडघे टेकले आणि बारीक हात आत घातला. डोळे मिटले. समिती गप्प झाली. थर्मोचे सर, सांगायला आनंद होतो, वाकले.

"डोकं मागं आहे," ती म्हणाली. "बोल्टचं. थोडं डावीकडं. बसलंय नीट. काका, हे काय आहे, खटका?" टिच्. "हा उलटा होता. तुम्ही खोलू नव्हता लालात. आवळू लालात."

अंगठे हळूहळू खिशात गेले. लातूरचा फोन कटला.

"आता पाइप लावा आणि मी म्हणेन तेव्हाच जोर द्या. मध्ये नाही. मी म्हणेन तेव्हा." तिनं गोटी दाबून धरली. "हं, आता. द्या. द्या, द्या, द्या." टक्. सुकी फांदी मोडावी तसा आवाज. चाळीस मिनिटांचा आमचा सगळा पुरुषार्थ त्या एका टक् मध्ये सुटला. नंतर बोल्ट बोटांनी फिरला. कंप्रेसर एकदम खाली झुकला, तिनं दोन्ही हातांनी झेलला, जरासा तिरका वळवून पुलीची बाजू आधी बाहेर घेतली आणि माझ्या छातीवर ठेवला. तेलानं माखलेला, गरम, जड. मी आपसूक दोन्ही हातांनी कवेत घेतला. ही माजघरातून जुनं धोतर घेऊन आली. कशात गुंडाळायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

रद्दीवाल्यानं ताणकाटा पुढं केला. पाच किलो सहाशे.

"आमच्याकडं एवढं भरलं असतं तर पेपरात फोटो आला असता," डॉक्टर म्हणाली, मोजे काढून केराच्या डब्यात टाकले आणि झोपायला वर गेली. रद्दीवाल्यानं भाव सांगितला. लोखंड नाही, ॲल्युमिनियम आहे, म्हणून चांगला सांगितला. मी धोतर घट्ट केलं.

हिनं मागं एक काम करून ठेवलं होतं. सुटलेल्या दोन पाइपांची तोंडं उघडी दिसली म्हणून लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा दोन्हींना स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला होता, वर सुतळीची गाठ. दुपारी मी मोठ्या अभिमानानं कंप्रेसर आणि मोबाइलमधला फोटो घेऊन उस्तादांकडं गेलो. त्यांनी कंप्रेसर फिरवून पाहिला, "अच्छा निकाले," म्हणाले. मग फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. फडक्यातून हवा जाते. हवेबरोबर ओल जाते. यातलं तेल असं आहे की ओल दिसली की ओढून घेतं. सुटलेल्या क्षणी प्लास्टिकची बुचं लावायची असतात. तशी लावली तरी यंत्रणा उघडली की ओल शोषणारी बाटली बदलायचीच, हे दहापैकी सात व्हिडिओत होतं म्हणे. मी नेमका पहिल्या पानावरचा अभ्यासक्रम वाचून परीक्षेला बसलेला विद्यार्थी. शिवाय आवळून आवळून चौथ्या बोल्टचे आटे खाल्लेले निघाले, त्याला नवा बोल्ट. आठशे वाचले, त्यात साडेसहाशे परत गेले. बसवायचं काम मी उस्तादांना दिलं आणि त्याचे त्यांनी चारशे घेतले. हिशेब तुम्हीच करा, मी मराठीचा आहे.

सील बसलं, बाटली बदलली, अर्धा तास पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढली, मोजून साडेचारशे ग्रॅम गॅस भरला. मृगाच्या आदल्या संध्याकाळी गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि काचा उघड्या ठेवून आम्ही काळेश्वरापर्यंत जाऊन आलो. एसी उत्तम चालतो, असं उस्ताद म्हणतात.

एक गोष्ट राहिली. त्या टक् च्या गडबडीत बाराची गोटी रॅचेटवरून सुटली. पोत्यावर पडली नाही, वाटीत नाही, लुंगीत नाही, कुरडयांतही नाही. सगळ्या उचलून पाहिल्या. वर्कशॉपच्या सरांना मी पेटी परत केली तेव्हा ते चष्मा शोधत होते, म्हणून निभावलं. आता गाडी विद्यापीठाच्या फाटकाकडं उजवीकडं वळली की इंजिनाखाली कुठंतरी खण्ण असं वाजतं. सर रोज सकाळी त्याच रस्त्यानं फिरायला जातात. नांदेडात कुणाकडं एकोणनव्वद सालच्या संचातली बाराची गोटी असेल तर कळवा. पिवळा रंग माझ्याकडं आहे.